कोजागिरीला आपल्या डोक्यावर काय फुटलं होतं?

आकाशवेडा
शनिवार, रात्री ९:४०

९ ऑक्टोबर २०२२, रविवार. कोजागिरी होती. पुण्यात सूर्य मावळून अर्धा तास झालेला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या पडत होत्या आणि शेगडी वर न्यायची की दुधाचं पातेलं खालूनच आणायचं यावर दरवर्षीची चर्चा रंगली होती. नेमक्या त्याच वेळी, ६ वाजून ४७ मिनिटांनी, फर्मी उपग्रहावरच्या गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रानं नोंद घेतली. पुढच्या चारेक मिनिटांत किरणांचा असा लोंढा आला की यंत्राची मोजदादच कोलमडली. हा गॅमा किरणांचा स्फोट. माणूस असे स्फोट मोजायला लागल्यापासूनचा हा सर्वांत तेजस्वी. नाव जीआरबी २२१००९ए. अभ्यासकांच्या हिशेबानं असा एखादा दहा हजार वर्षांतून एकदा.

परवा सहज गणित मांडलं. स्फोटाची जागा शर तारकासमूहात, क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) जवळजवळ उत्तर २० अंश. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. त्या क्षणाचा नाक्षत्र काल (ताऱ्यांच्या घड्याळातली वेळ) काढला तर ती जागा पुण्याच्या खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम ३ अंशांवर येते. हात ताठ करून दोन बोटं जोडून धरली की जेवढं आकाश झाकतं तेवढं अंतर. म्हणजे आम्ही पूर्वेला तोंड करून चंद्राची वाट बघत होतो आणि हे बरोबर टाळूवर चाललं होतं! दिसलं अर्थात कुणालाच नाही, गॅमा किरण हवेत वरच अडतात. पण भारतातल्या वीज टिपणाऱ्या यंत्रांना त्याचा झटका जाणवला आणि वरचं आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित थर) काही तास ढवळलेलं राहिलं.

हे सगळं, आणि असा स्फोट म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचं मरण हेही, मी भाचीला कौतुकानं सांगितलं. दहावीत आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तारा मेला म्हणून हे झालं, हे कशावरून? किरणांवर पत्ता लिहिलेला असतो का?"

पत्ता नसतो, आणि तीस वर्षं सगळा घोळ त्याचाच होता. तिला उत्तर द्यायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. तेच इथे लिहितोय, चुकलं तर मास्तर आहेतच कान धरायला.

१९६३ साली अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. कुणी चोरून अवकाशात बॉम्ब फोडतंय का हे बघायला अमेरिकेनं व्हेला नावाचे उपग्रह सोडले (स्पॅनिशमध्ये व्हेला म्हणजे पहारा). २ जुलै १९६७ला त्यांनी गॅमा किरणांचा एक झटका टिपला. तो बॉम्बचा नव्हता, सूर्याचाही नव्हता. लॉस अलामॉस या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी अशा झटक्यांची हकीगत छापली ती १९७३ साली. अडचण अशी की झटका काही सेकंदांचा, आणि दिशा कळायची ती ढोबळ. "शिवाजीनगर भागात कुठेतरी फटाका वाजला" एवढ्या खबरीवर पोलिसांनी काय करावं? १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेनं नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले. ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटी अजिबात नाही. तरीही १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये पाचिन्स्की आणि लॅम्ब या दोन खगोलशास्त्रज्ञांचा "हे जवळचे की दूरचे" असा जाहीर वाद झाला आणि निकाल न लागताच मंडळी घरी गेली.

निकाल लावला बेप्पोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहानं. २८ फेब्रुवारी १९९७च्या स्फोटानंतर त्या जागी विझत जाणारे क्ष-किरण सापडले, मग साध्या प्रकाशातही ठिपका दिसला. हाच तो आफ्टरग्लो. फटाका वाजून गेला तरी धुमसणारी वात सापडावी तसं. त्याच वर्षीच्या ८ मेच्या स्फोटाची ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप, जास्त म्हणजे लांब) ०.८३५ निघाली. म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षं लांब. पाचिन्स्कींचं 'दूरचे' हे म्हणणं खरं ठरलं.

आणि मग २५ एप्रिल १९९८. बेप्पोसॅक्सनं दाखवलेल्या जागी टायटस गालामा आणि सहकाऱ्यांनी आफ्टरग्लो शोधला, तर तिथे भलताच पाहुणा: एका सर्पिल दीर्घिकेच्या भुजेवर नवाकोरा सुपरनोव्हा (म्हणजे मरताना फुटलेला तारा), वाढत्या तेजाचा. एसएन १९९८बीडब्ल्यू. अंतर सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षं, या धंद्यात अगदी शेजारच्या आळीत. दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगानं एकाच ठिकाणी आणि एकाच सुमारास येण्याची शक्यता त्यांनी मांडली ती दहा हजारांत एक.

भाचीला म्हटलं, घे पत्ता. ती म्हणाली, "दहा हजारांत एक म्हणजे शून्य नाही ना."

पोरगी बरोबर होती, कारण खगोलवाल्यांनीही पाच वर्षं हेच म्हटलं. पुढचं प्रतिसादात लिहितो, वीज जाईलसं वाटतंय.

बेरकी
शनिवार, रात्री ९:५२
मी पयला. धागा वाचायचाय अजून.

टिवल्याबावल्या
शनिवार, रात्री १०:०५
ह्या स्फोटाला 'ब्रायटेस्ट ऑफ ऑल टाइम' म्हणून लाडानं 'बोट' म्हणतात ना? म्हणजे खस्वस्तिकापासून दोन बोटांवर बोट. वेडाशेठ, हे तुम्ही मुद्दाम केलंय.

आकाशवेडा
शनिवार, रात्री १०:०९
आईशप्पथ लक्षातच आलं नव्हतं. 😀

हेमांगी_ठाणे
शनिवार, रात्री १०:२०
मस्त लिहिलंय. पण दहा हजारांत एक एवढं पुरेसं असताना पाच वर्षं लोक अडून का बसले? आमच्याकडे औषधांच्या चाचणीत योगायोगाची शक्यता विसात एक निघाली तरी पेढे वाटतात.

खगोल_मास्तर
शनिवार, रात्री ११:१५
हेमांगीताई, अडून बसायला तीन कारणं होती आणि तिन्ही सयुक्तिक.

पहिलं म्हणजे स्फोट अतिशय मरतुकडा होता. नेहमीच्या गॅमा स्फोटाच्या मानानं जवळजवळ दहा हजारपट कमी ऊर्जेचा. हा त्याच जातीचा की दुसरंच काही, असा संशय येणारच. दुसरं, बेप्पोसॅक्सच्या चौकटीत क्ष-किरणांचे दोन ठिपके होते. एक सुपरनोव्हावर, दुसरा बाजूला, आणि दुसरा विझतोयसा वाटत होता. आफ्टरग्लो विझतो हे तोवर सगळ्यांना पाठ झालेलं, म्हणून काहींनी बोट दुसऱ्याकडे दाखवलं. तो असंबद्ध निघाला, पण बऱ्याच नंतर. तिसरं, ही योगायोगाची संभाव्यता घटना घडून गेल्यावर मांडलेली होती. लॉटरी लागलेल्या माणसाला "तुला लागण्याची शक्यता किती कमी होती" असं सांगण्यात काय हशील?

पण बाजूनंही एक दणकट पुरावा होता, आणि आकाशवेडा तो गाळून बसलाय. कॅलटेकच्या श्रीनिवास कुलकर्णींच्या गटानं हा सुपरनोव्हा रेडिओ दुर्बिणींतून पाहिला. रेडिओत तो इतका लवकर आणि इतका प्रखर झाला की त्यातलं काही द्रव्य प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं सुटलेलं असल्याशिवाय हिशेब जुळेना. साध्या सुपरनोव्हात असं होत नाही. गॅमा स्फोटाला मात्र नेमकं हेच लागतं. माझ्या मते १९९८ सालचा खरा पुरावा हा, दहा हजारांत एकवाला नव्हे.

बेरकी
शनिवार, रात्री ११:२२
कुलकर्णी म्हणजे सुधा मूर्तींचे भाऊ ना?

खगोल_मास्तर
शनिवार, रात्री ११:३०
हो. जन्म कुरुंदवाडचा, शाळा हुबळीची. २०२४चं शॉ पारितोषिक त्यांना मिळालं, त्याच्या मानपत्रात गॅमा स्फोट आणि सुपरनोव्हा दोन्ही आहेत. पण कुणाचे भाऊ यावर धाग्याचं काश्मीर करू नका, हात जोडतो.

आकाशवेडा
रविवार, सकाळी ७:५०
वीज खरंच गेली होती. तर पुढे.

२९ मार्च २००३. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. हेटी-२ या छोट्या उपग्रहानं सिंह राशीतल्या स्फोटाची खबर दिली. ताम्रसृती ०.१७, म्हणजे साधारण दोन अब्ज प्रकाशवर्षं. १९९८पेक्षा खूप दूर, पण नेहमीच्या स्फोटांच्या मानानं बराच जवळ, आणि मुख्य म्हणजे जोर अस्सल, मरतुकडा वगैरे अजिबात नाही. आफ्टरग्लो सुरुवातीला बारा-तेरा प्रतीचा (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी), हौशी लोकांच्या दुर्बिणीतही सापडण्याजोगा. आठवडाभरानं त्याच्या वर्णपटात काहीतरी डोकं वर काढू लागलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन स्वतंत्र गटांनी सांगितलं: आत सुपरनोव्हा आहे, आणि तो हुबेहूब १९९८बीडब्ल्यूसारखा. त्याचं नाव एसएन २००३डीएच.

भाचीला हे पटलं. म्हणजे तिनं मान डोलावली आणि मोबाईल उचलला.

सातारकर
रविवार, सकाळी १०:३०
'काहीतरी डोकं वर काढू लागलं' ह्या वाक्यात फार मोठी गंमत दडलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा मुलांना ह्याच स्फोटाचा प्रकल्प दिला होता. छापून आलेल्या तेजाच्या प्रती घ्यायच्या आणि स्फोटानंतर किती दिवस झाले त्याच्या लॉगशी मांडायच्या. आलेखाचा कागद, शिसपेन्सिल, संगणक बंद. माझा अंदाज असा की रेघ सरळ उतरत येईल आणि पंधरा-वीस दिवसांवर तिला छान उंचवटा येईल. तोच सुपरनोव्हा. पुस्तकात तसंच असतं.

मुलांनी ठिपके मांडले. पहिला अर्धा दिवस रेघ सरळ. मग उतार एकदम तीव्र. आणि दीड दिवसावर रेघ पुन्हा उचलली! मग पुन्हा घसरण, पुन्हा उचल, असे तीन-चार गचके. आमच्या घाटातल्या रस्त्याचा छेद घेतल्यासारखं चित्र. एका मुलीनं विचारलं, "सर, ह्यातला सुपरनोव्हा कुठला?" मी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मला दिसत नाही. आफ्टरग्लोच इतका खोडकर होता की सुपरनोव्हाचा उंचवटा त्याच्या गचक्यांत हरवून गेला होता.

मग वर्णपट काढले, छापील निबंधातल्या आकृत्यांच्या झेरॉक्स. १ एप्रिलचा वर्णपट म्हणजे पट्टी ठेवून मारलेली तिरकी रेघ. आफ्टरग्लो असाच असतो, त्यात ना उंचवटे ना खड्डे. ८ एप्रिलच्या रेघेला पोट सुटलेलं. हिरव्याच्या आसपास एक रुंद फुगवटा, पुढे दुसरा. मुलांना सांगितलं, १ तारखेची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवा, ८च्या आकृतीवर ठेवा, फरक मोजा, वेगळ्या कागदावर काढा. तो फरक १९९८बीडब्ल्यूच्या आकृतीशेजारी धरला तर ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती फक्त "ए..." एवढंच म्हणाली. जुळ्या बहिणी.

फुगवटे एवढे रुंद का, तर द्रव्य सगळ्या दिशांना भन्नाट सुटलेलं, म्हणून रेषा फाकतात. वेग सेकंदाला तीस हजार किलोमीटरच्या घरात. मुंबई-पुणे अंतर सेकंदाच्या दोनशेव्या भागात. वर्णपटात हायड्रोजनही नाही आणि हेलियमही नाही. म्हणजे ताऱ्यानं मरायच्या आधीच वरची दोन्ही पांघरुणं फेकून दिलेली. ह्या जातीला 'रुंद रेषांचा आयसी' म्हणतात. नाव रूक्ष आहे, पण गॅमा स्फोटांबरोबर वर्णपटानं खात्री पटलेले जे सुपरनोव्हा सापडलेत ते जवळपास सगळे ह्याच जातीचे.

हेमांगी_ठाणे
रविवार, सकाळी ११:०५
काका, ट्रेसिंग पेपरवाला प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो! वाचनखूण साठवलीय.
एक प्रश्न: आधी ३० सेकंदांचा गॅमा स्फोट आणि तोच तारा पुढे दोन-तीन आठवडे उजळत राहतो. एकाच मरणाला दोन घड्याळं कशी?

खगोल_मास्तर
रविवार, दुपारी १२:४०
कारण घटना एक असली तरी इंजिनं दोन आहेत.

तारा मोठा, जन्माच्या वेळी सूर्याच्या वीस-पंचवीस पट किंवा त्याहून जास्त, आणि गरगर फिरणारा. गाभ्यातलं इंधन संपलं की गाभा कोसळतो आणि कृष्णविवर होतं. आजूबाजूचं द्रव्य फिरतं असल्यामुळे सरळ आत पडू शकत नाही. मोरीच्या जाळीभोवती पाणी गरगरावं तसं ते तबकडीत गरगरतं. त्या तबकडीतून दोन्ही ध्रुवांकडे दोन अरुंद झोत सुटतात. वरची पांघरुणं गेलेली असल्यामुळे तारा आटोपशीर असतो, सूर्याएवढाच. झोत दहाएक सेकंदांत पृष्ठभाग फोडून बाहेर येतो. हायड्रोजनचं जाडजूड पांघरूण असतं तर आतल्या आत गुदमरला असता. बाहेर आलेल्या झोतातून गॅमा किरण निघतात आणि इंजिन चालतं तेवढेच सेकंद ते टिकतात. पहिलं घड्याळ हे.

दुसरं घड्याळ निकेलचं. स्फोटात निकेल-५६ तयार होतं, १९९८बीडब्ल्यूमध्ये सूर्याच्या वस्तुमानाच्या जवळजवळ निम्म्याएवढं. ते ६ दिवसांत अर्धं होऊन कोबाल्ट बनतं, कोबाल्ट ७७ दिवसांत अर्धं होऊन लोखंड. त्या ऊर्जेवर सगळा सुपरनोव्हा तापत राहतो, पण ढग जाड, प्रकाशाला बाहेर यायला वाट मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. म्हणून आधी झोत, मग विझता आफ्टरग्लो, आणि तो विझत आला की मागून सुपरनोव्हा.

यातली मला आवडणारी गंमत अशी की स्टॅन वूस्ली यांनी १९९३ साली ही कल्पना पहिल्यांदा मांडली ती 'फसलेला सुपरनोव्हा' या नावानं. म्हणजे तारा कोसळेल, झोत सुटेल, पण नेहमीसारखा सुपरनोव्हा होणारच नाही. पाच वर्षांनी निसर्गानं दाखवला तो साध्या सुपरनोव्हाच्या दहापट जोराचा! कल्पना टिकली, नाव पडलं. शिवाय काहींच्या मते सगळ्याच वेळी कृष्णविवर लागत नाही, जबरदस्त चुंबकी न्यूट्रॉन तारा, मॅग्नेटार, हेही इंजिन असू शकतं. ते भांडण मिटलेलं नाही.

टिवल्याबावल्या
रविवार, दुपारी २:१०
मोरीच्या जाळीचं उदाहरण वाचून आमची तुंबलेली मोरी आठवली. तिथे झोत उलटा येतो.
बरं, मुद्द्याचं बोला. डोक्यावर फुटलेल्या बोटीचा सुपरनोव्हा सापडला का नाही? सगळं पुराण २००३पर्यंतच चाललंय.

आकाशवेडा
रविवार, दुपारी ४:००
सापडला, पण फार नखरे करून.

अंतर इतकं की प्रकाश १.९ अब्ज वर्षं वाटेत होता. या धंद्यात हे जवळच. तरी तीन विघ्नं. एक, शर तारकासमूह आकाशगंगेच्या पट्ट्यातच येतो, त्यामुळे मध्ये आपल्याच दीर्घिकेची धूळ. दोन, आफ्टरग्लो इतका झगझगीत आणि चिवट की मागचा सुपरनोव्हा दिसेना. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत फोकस डोळ्यांवर मारलेला असताना मागे पणती लागलीय का ते शोधण्यासारखं. तीन, मधल्या काळात ती जागा सूर्याच्या बाजूला गेली.

शेवटी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं स्फोटानंतर साडेपाच महिन्यांनी अवरक्त वर्णपट घेतला. धुळीतून अवरक्त पार होतो आणि एव्हाना आफ्टरग्लोही ओसरला होता. कॅल्शियम आणि ऑक्सिजनच्या खुणा मिळाल्या, म्हणजे सुपरनोव्हा होताच. पण कसा? दहा हजार वर्षांतला सर्वांत मोठा धमाका, तर सुपरनोव्हा कसा दिपवणारा हवा! निघाला अगदी चारचौघांसारखा. तेज १९९८बीडब्ल्यूच्या पुढे नाहीच.

यावरून माझा समज असा झाला की झोताची ताकद आणि सुपरनोव्हाची ताकद यांचं एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही. १९९८चा झोत मरतुकडा आणि सुपरनोव्हा दांडगा. २०२२चा झोत राक्षसी, सुपरनोव्हा तसाच. मास्तर, चूक असेल तर सांगा.

खगोल_मास्तर
रविवार, दुपारी ४:४५
चूक नाही, पण आणखी एक घाल. झोत जितका अरुंद, तितका समोरच्याला प्रखर. त्या स्फोटाचा झोत फार अरुंद होता आणि नेमका आपल्या डोळ्यांत, असं बऱ्याच जणांचं मत आहे. टॉर्चचा सेल तोच, काच फिरवून प्रकाश एकवटला की भिंतीवर ठिपका झगझगतो.

आणि वेबवाले तिथे सोनं शोधत होते, ते राहिलं. सोनं, प्लॅटिनम असली जड मूलद्रव्यं अशा ताऱ्यांच्या मरणातून येतात का, हा जुना प्रश्न. ह्या स्फोटात त्यांची खूण मिळाली नाही.

हेमांगी_ठाणे
रविवार, संध्याकाळी ५:०२
कोजागिरीला नाही मिळालं तर धनत्रयोदशीला बघायचं होतं.

शंकासुर
रविवार, संध्याकाळी ६:३०
सगळे एकमेकांना छान छान म्हणताहेत म्हणून मुद्दाम बोलतो. पुस्तकात नियम सोपा दिलाय: दोन सेकंदांपेक्षा लांब स्फोट म्हणजे तारा मेला, सोबत सुपरनोव्हा. दोन सेकंदांपेक्षा छोटा म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे आपटले, सुपरनोव्हा नाही. १७ ऑगस्ट २०१७ला गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी छोटा गॅमा स्फोट आला आणि दुसरा अर्धा भागही सिद्ध झाला. मग जीआरबी ०६०६१४चं काय? १०० सेकंद चाललेला, ताम्रसृती ०.१२५, म्हणजे २००३वाल्याच्याही अलीकडे. जगभरच्या दुर्बिणी लावून बसले. सुपरनोव्हा? नाही म्हणजे नाही. तुमचा तारा मेला आणि सुतकही नाही?

सातारकर
रविवार, रात्री ८:१५
शंकासुरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यायला पंधरा वर्षं लागली आणि ते तुझ्याच बाजूचं आहे.

११ डिसेंबर २०२१चा स्फोट पन्नासेक सेकंद चालला. नियमानं तारा मेलेला. मागून सुपरनोव्हा यायला हवा, आला किलोनोव्हा. म्हणजे न्यूट्रॉन तारे आपटल्यावर जी लालसर, झटपट मावळणारी झळाळी दिसते ती. ७ मार्च २०२३चा तर त्याहून लांब, मिनिटांच्या हिशेबातला, आणि त्यात वेबला टेल्युरियमची खूण सापडली. जड मूलद्रव्य, टकरीचीच साक्ष. जागाही जवळच्या दीर्घिकेपासून लाखभर प्रकाशवर्षं बाहेर, जिथे नवे मोठे तारे जन्मत नाहीत. जड तारा अल्पायुषी, जन्मला त्याच आळीत मरतो. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी मात्र अब्जावधी वर्षं भटकून कुठेही आपटू शकते.

उलटंही आहे. २६ ऑगस्ट २०२०चा स्फोट सेकंदभराचा. नियमानं टक्कर. जेमिनी दुर्बिणीनं पुढे लक्ष ठेवलं, तर सुपरनोव्हा! झोत ताऱ्यातून कसाबसा बाहेर पडेपर्यंत इंजिन बंद पडलं असावं.

म्हणून मी घड्याळावरचा विश्वास सोडलाय. गॅमा किरण किती वेळ आले ते बाजूला ठेवा, दोन-तीन आठवडे थांबा, मागून काय उगवतं ते बघा. आकाशवेडाच्या भाचीला हेच सांगा: किरणांवर पत्ता नसतो, पत्ता टपालानं नंतर येतो.

शंकासुर
रविवार, रात्री ८:२८
टपाल विभागावर एवढा विश्वास बऱ्याच दिवसांनी पाहिला. मान्य.

टिवल्याबावल्या
रविवार, रात्री ९:१५
हे आपल्या दीर्घिकेत झालं तर? हप्ते भरायचे का थांबवायचे?

खगोल_मास्तर
रविवार, रात्री ९:५०
भरा. असे स्फोट बहुतेक लहान, निळसर, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दीर्घिकांत सापडतात. जड मूलद्रव्यं जास्त असली की ताऱ्यावरून वारे जोरात सुटतात आणि त्याची गिरकी घेऊन जातात. गिरकी नाही तर तबकडी नाही, तबकडी नाही तर झोत नाही. आपली आकाशगंगा या बाबतीत बरीच श्रीमंत आहे. शिवाय झोत काही अंशांचा, तो नेमका आपल्याकडे वळलेला हवा.

आकाशवेडा
सोमवार, रात्री ९:०५
भाचीला टपालाचं सांगितलं. आवडलं तिला. आणि लगेच: "झोत काही अंशांचाच असेल तर बहुतेकांचे झोत दुसरीकडेच जात असतील. मग ते आपल्याला कसे कळणार?"

मी चहा प्यायला उठलो. मास्तर, वाचवा.

खगोल_मास्तर
सोमवार, रात्री १०:२०
तिला खगोलशास्त्राला पाठव.

गॅमा किरण न दिसता नुसता सुपरनोव्हा दिसला, तर रेडिओत बघायचं, अगदी १९९८ला केलं तसंच. एसएन २००९बीबी असाच सापडला: गॅमा स्फोटाची नोंद नाही, पण रेडिओत झेपावणारं द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या जवळचं. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही तो पाहिला. २००३च्या स्फोटाचं रेडिओतलं धुमसणंही जीएमआरटीनं दीर्घकाळ मोजलं होतं. गॅमा किरण सेकंदात संपतात, रेडिओ वर्षानुवर्षं पुरतो, आणि ४५ मीटरच्या ३० तबकड्या त्यासाठी शेतांमधून उभ्या आहेत.

दुसरा मार्ग नवा. आइन्स्टाइन प्रोब हा चिनी उपग्रह २०२४पासून मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत आकाश झाडून काढतोय. जानेवारी २०२५मध्ये त्याला एक झटका मिळाला, गॅमा किरण नाहीत, पण मागून रुंद रेषांचा आयसी सुपरनोव्हा आला, एसएन २०२५केजी. एक अर्थ असा लावतात की झोत सुटला होता, पण ताऱ्यातच गुदमरला. म्हणजे न दिसणाऱ्यांत दोन प्रकार आले: दुसरीकडे वळलेले आणि बाहेरच न पडलेले. कुठले किती, यावर सध्या काम चालू आहे.

बेरकी
मंगळवार, सकाळी ८:१०
धागा आत्ता पूर्ण वाचला. मी पयला होतो हे विसरू नका.
आपल्या एस्ट्रोसॅट उपग्रहाला पण बोट दिसली होती ना?

आकाशवेडा
मंगळवार, सकाळी ८:४५
हो, त्यावरच्या सीझेडटीआय यंत्रानं नोंदली होती. त्या यंत्रानं आजवर असे पाचशेच्या वर स्फोट टिपलेत. त्यात मुंबईची टीआयएफआर आणि आपली पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचा मोठा हात आहे.

हेमांगी_ठाणे
मंगळवार, दुपारी १:३०
हे सगळं वेब आणि फर्मीला दिसतं. असं पांघरूण फेकलेला एखादा तारा साध्या डोळ्यांना दिसतो का? मुलांना दाखवता येईल असा.

सातारकर
मंगळवार, रात्री ९:३०
दिसतो की! गॅमा व्हेलोरम. योगायोग असा की तारकासमूहाचं नाव व्हेलाच, इथे मात्र त्याचा अर्थ जहाजाचं शीड. ही जोडी आहे, तिच्यातला एक वुल्फ-रायेट जातीचा, वरचा हायड्रोजन उडवून बसलेला. अंतर साधारण ११०० प्रकाशवर्षं, तेज १.८ प्रत, म्हणजे शहराबाहेर सहज. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभे राहा. उजवीकडे खाली झगझगीत अगस्त्य दिसेल. त्याच्या डावीकडे वर, क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर हा. बायनॉक्युलर हलू न देता धरला तर शेजारी चौथ्या प्रतीचा एक सोबतीही सुटा दिसतो. दक्षिणेला डोंगर नसलेली जागा निवडा.

हेमांगी_ठाणे
मंगळवार, रात्री ९:४१
वांगणी चालेल का? अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरू. कोण कोण येतंय ते इथेच लिहा, म्हणजे डब्यांचं ठरवता येईल.

टिवल्याबावल्या
मंगळवार, रात्री ९:४४
मी आणि बायनॉक्युलर. मसाला दूध कोण आणतंय?